खेळ आणि दुसरे शील

(विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



खेळाडूने उत्तेजक औषध घेतले की त्याने पंचशीलातील पाचवे शील मोडले, असे आपण सहज म्हणून जातो. आम्हांला मात्र वाटते, की तो दुसरे शील मोडतो. अदिन्नादान, म्हणजे न दिलेले घेणे. ही चोरी कोणाची होते, ते एका उदाहरणाने सांगतो.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील गोळाफेक प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर झाली. युक्रेनचा युरी बिलोनोग आणि अमेरिकेचा अॅडम नेल्सन, दोघांचीही सर्वोत्तम फेक २१.१६ मीटर! त्याखालोखालची फेक सरस म्हणून सुवर्णपदक बिलोनोगला मिळाले. त्या काळी नमुन्यांची फेरतपासणी आठ वर्षांपर्यंत करता येई. आता ही मुदत दहा वर्षे आहे. मुदत संपत आली असताना बिलोनोगच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले. २०१२ मध्ये त्याचे पदक काढून घेण्यात आले. नेल्सनच्या हाती ते पडले २०१३ मध्ये, अटलांटा विमानतळावरच्या खाण्याच्या दुकानांपाशी. पदक परत मिळाले. परंतु ऑलिंपियाच्या मैदानावर राष्ट्रगीत ऐकण्याची घटका नऊ वर्षांपूर्वीच चोरीस गेली होती. ती कोण परत करणार?

अशा चोरीला आळा घालण्यासाठी १९९९ मध्ये 'वाडा' ही जागतिक संस्था स्थापन झाली. आपल्या देशात 'नाडा' आहे, आणि २०२२ मध्ये संसदेने कायदाही केला. मुख्य नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. 'प्रशिक्षकांनी दिले', 'मला ठाऊक नव्हते' असे सांगून सुटका होत नाही. फार तर शिक्षा कमी होते. पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. दम्यासारख्या आजारावर बंदी असलेले औषध खरोखरच लागत असेल, तर रीतसर परवानगी मागता येते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, व्यायामशाळेत कोणी भुकटी किंवा गोळी हाती ठेवली, तर आधी विचारा, 'यात काय आहे?' उत्तर मिळाले नाही तर ती परत करा. देणारा कितीही जवळचा असो, बंदी तुमच्यावर येणार आहे.

ज्या समाजाच्या हक्काचे पिढ्यानपिढ्या हिरावले गेले, त्या समाजाच्या मुलांनी दुसऱ्याच्या हक्काचे पदक गळ्यात घालू नये. चौथे आलात तरी चालेल. चौथ्या क्रमांकाचे गुणगौरवही आम्ही याच सभागृहात करू.

जयभीम!