स्वस्तात भेटलेली जर्मन गाडी

गुरुकुंज मोझरीहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलत आहोत. आज विषय आहे गाडीचा. ट्रॅक्टरचा नाही, ॲटोचाही नाही. जोरात पळणाऱ्या, वय झालेल्या जर्मन मोटारगाडीचा. आता तुम्ही म्हणाल, “बाप्पा, आपला अन् जर्मन गाडीचा काय संबंध?”

संबंध आहे, आणि जुना आहे. आपण ज्याला टेम्पो म्हणतो, ते नाव एका जर्मन कंपनीचं. हॅम्बुर्ग शहरात टेम्पो नावाच्या गाड्या बनत. १९५८ साली फिरोदियांनी त्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी आली, मग मटाडोर आली. गाडी कोणत्याही कंपनीची असो, माल वाहणारी म्हटली की आपण टेम्पोच म्हणतो. याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीला मर्सिडीजच्या बनावटीचं डिझेल इंजिन असायचं. म्हणजे काळीपिवळी ट्रॅक्समध्ये दाटीवाटीने बसून आपण तालुक्याला जायचो, तेव्हा जर्मन इंजिनच आपल्याला ओढत होतं. आज ती कंपनी फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते.

पण त्या गाड्या कामाच्या होत्या, गावचा मिस्त्री पाना-हातोड्याने नीट करायचा. आज आपली पोरं ज्या जर्मन गाड्या मागतात, त्या वेगळ्या. १९९५ पासून मर्सिडीज पुण्यात बनू लागली. २००१ पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, स्कोडाच्या गाड्या बनू लागल्या. ती कंपनी चेक देशातली, पण मालकी जर्मन फोक्सवॅगनची. खुद्द फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली चाकणला सुरू झाला आणि तिथून पोलो निघाली. पुण्या-मुंबईच्या माणसाने नवी घेतली, पाच-सहा वर्षं चालवली, विकली. दुसऱ्याने नागपुरात चालवली, विकली. तिसरा गिऱ्हाईक आता आपल्या तालुक्यात शोधतात. दहा लाखांची गाडी तीन लाखांच्या आत मिळते म्हटल्यावर पोरगं आईजवळ येऊन बसतं, “माय, लय स्वस्तात भेटून राह्यली.”

त्या पोराला वेडं समजू नका. या गाड्यांत खरंच काहीतरी आहे. दार लावलं तर तिजोरी लागल्यासारखा आवाज येतो. इंजिन लहान, पण त्याला टर्बो असतो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. जर्मनीत काही मोठ्या रस्त्यांवर वेगाची मर्यादाच नाही, त्या रस्त्यांचा विचार करून ही गाडी घडवलेली. म्हणून ती शंभराच्या वेगातही रस्ता धरून राहते. ज्याला यंत्राची आवड आहे, त्याला ती हातात धरावीशी वाटणारच. आपल्याला चांगल्या शिलाई मशीनचं जसं वाटतं, तसं.

अडचण वेगळीच आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी संकरित गाय पाळली आहे. गावरान गाय वाळल्या कडब्यावरही दिवस काढते. संकरित गाईला ढेप लागते, सावली लागते, उन्हाळ्यात अंगावर पाणी लागतं, डॉक्टर लागतो. आता समजा ती संकरित गाय बाजारात तुम्हाला निम्म्या भावात मिळाली, तर ती ढेप निम्मी खाईल का? नाही खाणार. गाडीचंही तेच. दहा लाखांची गाडी अडीच लाखांची झाली, पण तिचे पार्ट अडीच लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते दहा लाखांच्या गाडीचेच राहतात. आजच्या बोलण्यातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

आता या गाडीत म्हातारं काय होतं ते पाहू. लोखंड सहसा दगा देत नाही. रबर आणि प्लास्टिक देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. पाण्याच्या नळ्या, थर्मोस्टॅटची डबी, तेल अडवणारे सील, चाकांजवळचे रबरी बुश, सगळं दहा-बारा उन्हाळ्यांत कडक होतं आणि तडकतं. बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा दात्यांचा रबरी पट्टा असतो. तो वरून चांगला दिसत असतानाही तुटू शकतो. अशा इंजिनांत तो तुटला की आतले व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. म्हणून पट्टा तुटायची वाट पाहायची नसते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलायचा असतो. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं. आपोआप गिअर टाकणाऱ्या काही गाड्यांत गिअरच्या पेटीचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. आणि टर्बोची गाडी लांबून जोरात पळवून आणली तर लगेच बंद करायची नाही. एखादा मिनिट तशीच चालू ठेवायची, म्हणजे टर्बो थंड होतो. यातलं काही अवघड नाही. विसरलं की मात्र महाग पडतं.

आमच्या गटात हा प्रश्न खरोखरच आला. एका सभासद ताईंनी मुलाच्या गाडीसाठी एक लाखाचं कर्ज मागितलं. गाडी जर्मन, बारा वर्षांची, मागणी २,६०,००० ची. मुलगा अमरावतीला नोकरीला, स्वतःची शिल्लक बाळगून असलेला. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, “कायले पाह्यजे हे थेर? गाडी पोटाले देते काय?” दुसरा म्हणे, “पोरगं दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, एक हौस हाय त्याची.” दोन्ही बोलणी खरी होती. पण कर्ज रागावर किंवा मायेवर देत नाहीत, हिशेबावर देतात. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी ती गाडी अशा गाड्यांचं काम करणाऱ्या मिस्त्रीला दाखवायची आणि अंदाज कागदावर लिहून आणायचा.

ताई स्वतः मुलासोबत गेल्या. दलाल त्यांना म्हणाला, “मावशी, तुम्हाले गाडीतलं काय समजते?” त्या म्हणाल्या, “गाडीतलं नाही समजत, पैशातलं समजते.” अंदाज असा आला. चार टायर २४,०००. टायमिंग बेल्ट आणि त्यासोबतचा पाण्याचा पंप १८,०००. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड १४,०००. चाकांजवळचे बुश १२,०००. एकूण ६८,०००. हा कागद समोर ठेवल्यावर मालक २,३०,००० वर आला. गटाने मग एक वेगळी गोष्ट केली. गाडीच्या किमतीसाठी कर्ज दिलं नाही. किंमत मुलाने आपल्या शिलकीतून भरली. कर्ज दिलं ते ६८,००० चं, दुरुस्तीसाठी, बिलं दाखवून. आणि अट घातली की हप्ता वेगळा, त्याशिवाय महिन्याला २,५०० रुपये गाडीच्या नावाने बाजूला टाकायचे. त्याच उन्हाळ्यात कुलंटची प्लास्टिकची नळी तडकली आणि ९,००० लागले. ते त्या बाजूच्या पैशांतून निघाले. घरात भांडण झालं नाही, कोणाकडून व्याजाने आणावे लागले नाहीत, आणि गटाचा हप्ता चुकला नाही.

या गाडीची एक वही आहे. ती ताईंनीच घातली. आपल्या गटाच्या वहीसारखीच. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, कोणता पार्ट, किती पैसे, बिल चिकटवलेलं. जगभर जे लोक हौसेने जुन्या गाड्या पाळतात, ते असंच करतात. अशी वही असलेली गाडी विकताना चार पैसे जास्त येतात, कारण घेणाऱ्याला तिचं सगळं आयुष्य दिसतं. वही ठेवणं आपल्या बायांना शिकवावं लागत नाही.

पार्टचंही एक समजून घ्या. गाडीची कंपनी बरेच पार्ट स्वतः बनवत नाही, बॉश, साक्स, मान अशा कंपन्यांकडून घेते. त्यातल्या बॉशचा कारखाना तर आपल्या नाशिकलाच आहे. तोच पार्ट बनवणाऱ्याच्या डब्यात घेतला तर पुष्कळदा स्वस्त पडतो. पण पार्टचा नंबर जुळला पाहिजे. “सारखाच हाय” यावर विश्वास ठेवू नका. तेलाचंही तसंच, पुस्तकात लिहिलेल्या क्रमांकाचंच तेल. या गाड्यांत संगणक असतो. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावतो आणि चुकीचा क्रमांक पाहतो. तो क्रमांक दुखणं कुठं आहे एवढंच सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. स्कॅनर पाहून सरळ पार्ट बदलत सुटणारा मिस्त्री आपलं घर रिकामं करतो. आधी तपासणारा मिस्त्री धरावा, थोडा लांब असला तरी.

आता कागद. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. बारा वर्षांची गाडी घेतली तर हा खर्च तीन वर्षांवर आलेला असतो. गाडीवर बँकेचं कर्ज होतं का, ते फिटल्याची नोंद आरसीवर झाली का, दंडाची चलनं बाकी आहेत का, ते आधी पाहा. नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. नुसत्या सहीवर गाडी आणू नका. विम्याचं तर कोणी सांगतच नाही. साध्या पॉलिसीत अपघात झाला तर रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी दहा वर्षांहून जुनी असली तर लोखंडी पार्टचेही निम्मेच. उरलेले आपल्या पदरचे.

काही जण म्हणतात, ठेवली तर पुढे विंटेज होईल, भाव येईल. जर्मनीत ३० वर्षं जुन्या, चांगल्या राखलेल्या गाडीला खास नंबर मिळतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणवायला ५० वर्षं लागतात. तोवर गाडी नवीही नाही आणि ठेवाही नाही. या मधल्या वयातल्या गाडीकडे गुंतवणूक म्हणून पाहू नका. ती हौस आहे. हौस करायला हरकत नाही, पण तिला हौसच म्हणा, म्हणजे हिशेब खरा राहतो.

शेवटी जिवाचं बोलू. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथं मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. सिमेंटचा रस्ता, उन्हाळा आणि जुना टायर, हे तिन्ही एकत्र आले की घात होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी वय झालेला टायर वेगात फुटू शकतो. हे आकडे वाचायला मिस्त्री लागत नाही, आपण वाचू शकतो. आणि आधीच्या मालकाने संगणकात फेरफार करून इंजिनाची ताकद वाढवली आहे का, ते जरूर विचारा. तशी गाडी ब्रेकला आणि गिअरला जड जाते, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी बोट दाखवते.

तर बायांनो, पोरगं जुनी जर्मन गाडी मागायला आलं, तर हो किंवा नाही म्हणायच्या आधी पाच गोष्टी विचारा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याचं बिल कुठं आहे? टायर कोणत्या सालचे? नोंदणीची किती वर्षं उरली? मिस्त्रीचा लेखी अंदाज किती? आणि गाडी आल्यावर दर महिन्याला तिच्या नावाने किती पैसे बाजूला पडणार, कोणाच्या पगारातून? पाचही उत्तरं कागदावर आली, तर पोराची तयारी आहे असं समजा. दोनच आली, तर त्याला म्हणा, “अजून थांब बाप्पा, गाडी कुठं पळून नाही जात.” हे पाच प्रश्न तुमच्या गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.