सगळ्यात भारी पावडर कुठली?

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. पालघरच्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, अमेरिकेतले लोक घरी बसून रायफलची काडतुसं भरतात, त्याचे व्हिडिओ बघतो. नेम अचूक लागायला सगळ्यात भारी पावडर कुठली?" प्रश्न मस्त आहे, आणि त्याचं उत्तर नेमबाजीच्या बाहेरही कामाला येतं.

आधी कायदा. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. म्हणजे व्हिडिओ बघा, पण घरी प्रयोग नाही. आणि हे फक्त पोलिसांच्या भीतीने सांगत नाहीये. रायफलच्या काडतुसात पिस्तुलाची पावडर भरली तर ती इतक्या झटक्यात जळते की रायफल हातात फुटू शकते.

आता ही पावडर म्हणजे काय? बंदुकीची दारू म्हटलं की आपल्याला किल्ल्यावरच्या तोफेची काळी दारू आठवते. ती आता मागे पडली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची पावडर बनवली. आजची पावडर त्याच घराण्यातली. काहींमध्ये नुसतं नायट्रोसेल्युलोज असतं, काहींमध्ये सोबत नायट्रोग्लिसरीन. दाणे कधी बारीक नळीसारखे, कधी गोल, कधी चपटे. दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप यावर ती किती वेगाने जळणार हे ठरतं.

निवडताना लोक तीन गोष्टी बघतात. पहिली, जळण्याचा वेग. गोळी जड आणि काडतूस मोठं, तर सावकाश जळणारी पावडर. दुसरी, काडतूस किती भरतं. अर्धं रिकामं राहिलं तर पावडर दर वेळी वेगळ्या जागी सरकते आणि गोळीचा वेग बदलू शकतो. तिसरी, तापमान. बऱ्याच पावडरी उन्हात जास्त जोरात जळतात, म्हणून काही कंपन्या हवामानाने कमी बदलणारी पावडर मुद्दाम बनवतात.

पण बघा, या तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे: प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटली पाहिजे. जोर किती, हा नंतरचा प्रश्न. बोईसरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तारापूर एमआयडीसीत केमिकलच्या प्लांटमध्ये कुणी नातेवाईक असेल तर विचारा. माल चांगला निघाला एवढ्यावर भागत नाही, पुढची बॅच पण तशीच निघायला लागते.

आता आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकला. फायनलचा स्कोअर ४५१.४. त्या पॉइंटनंतरच्या ४ कडे लक्ष द्या. या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो, आणि दशांशाचा एक टप्पा म्हणजे ०.८ मिलिमीटर.

हिशोब करू. पॉइंट टू-टूची गोळी साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१५६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती जवळपास १२ सेंटीमीटर खाली येते. ते रायफलची साइट सांभाळून घेते. पण एखादी गोळी फक्त १ टक्का हळू सुटली तर ती अजून अडीच मिलिमीटर खाली लागणार. म्हणजे नेम तोच, ट्रिगर तसाच, आणि दशांशाचे तीन टप्पे गेले!

गंमत म्हणजे या गोळ्या कुणी घरी भरत नाही, त्या फॅक्टरीतूनच येतात. मग खेळाडू काय निवडतो? लॉट. इंग्लंडची एली, जर्मनीत टेस्ट रेंज असलेली लापुआ, यांच्याकडे रायफल शिकंज्यात घट्ट धरून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात. जो लॉट त्या बॅरलला जुळला, तो घ्यायचा. एकाच ब्रँडचा, एकाच किमतीचा दुसरा लॉट त्याच रायफलमधून जास्त पसरू शकतो.

आणि इथेच लोक फसतात. व्हिडिओत तीन गोळ्या मारतात, भोकं जवळजवळ आली की म्हणतात, "सापडली पावडर!" मी या आठवड्यात पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. सहा "पावडरी" घेतल्या, पण सहाही हुबेहूब सारख्या, फरक शून्य. प्रत्येकीच्या तीन-तीन गोळ्या. तरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या ग्रुपमध्ये दुपटीहून जास्त फरक सहज येतो. तुम्ही पहिलीला भारी म्हणणार आणि शेवटचीला भंगार, आणि दोन्ही एकाच डब्यातल्या! दुसरं म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २४ मिलिमीटर येत असेल तर त्याच रायफलचा, त्याच गोळ्यांचा दहाचा ग्रुप ३८ च्या आसपास जाणार. म्हणून तीनचा ग्रुप दाखवणाऱ्याला आधी विचारा, "बाकीच्या सात कुठे गेल्या?"

हा मुद्दा पैशाचा पण आहे. बोईसरच्या पोराला रेंजवर जायचं तर लोकलने मुंबई गाठायची किंवा थेट पुण्याचं बालेवाडी. वर प्रत्येक गोळीचा खर्च. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दहा लॉट तपासतो. ज्याच्याकडे नाहीत तो तीन गोळ्यांवर ठरवतो, आणि मग वर्षभर खराब लॉटचं खापर स्वतःच्या हातावर फोडतो. मला वाटतं, आपल्या जिल्ह्यांतून नेमबाज यायचे असतील तर क्लबने किंवा संघटनेने लॉट एकत्र तपासून एकत्र खरेदी केला पाहिजे. एकट्याला न परवडणारी टेस्ट दहा जणांत परवडते.

तोपर्यंत दहा मीटर एअर रायफलने सुरुवात करा. तिथे पावडरच नाही, पण छऱ्याच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील. ती छऱ्याच्या डोक्याची मापं. एक माप निवडा, प्रत्येकाच्या किमान दहा-दहा मारून, वहीत तारीख आणि डब्यावरचा बॅच नंबर लिहून.

तर मित्रा, सगळ्यात भारी पावडर कुठली? जी दहाव्या गोळीलाही पहिल्यासारखीच वागते ती. नाव कुठलंही असो.

प्रोग्रॅम हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. स्वतः आकडे बदलून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.