लाल मादी, हिरवा नर



कामगार संघटनेच्या माणसाने पोपटावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन रात्रपाळी संपल्यावर, हाताला लागेल ते, असे झाले. त्यात हा पक्षी भेटला, आणि त्याच्या बिऱ्हाडाची हकिगत वाचून तो मला आपल्या ओळखीतला वाटू लागला.

त्याचे नाव एक्लेक्टस. न्यू गिनी, सॉलोमन बेटे, मोलुकाज आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येचे केप यॉर्क, येथल्या दाट पर्जन्यवनांत तो राहतो. आपल्या राघूत नर-मादी ओळखायची ती नराच्या गळ्यातल्या कंठावरून. रंग दोघांचाही हिरवाच. एक्लेक्टसचा नर पानासारखा हिरवागार, चोच नारिंगी. मादी लालभडक, पोटाकडे निळीजांभळी, चोच काळीभोर. दोघे शेजारी बसले तर एका घरचे म्हणून कोणी म्हणणार नाही.

पंडितांनीही म्हटले नाही. युरोपात पोचलेल्या कातड्यांवरून लाल पक्ष्याला एक नाव मिळाले, हिरव्याला दुसरे, आणि सुमारे शंभर वर्षे ते निराळ्या जाती म्हणून कपाटांत राहिले. न्यू गिनीत हिंडून आलेल्या ए. बी. मायर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८७४ साली सांगितले की हिरवे ते सारे नर आणि लाल त्या साऱ्या माद्या, जात एकच.

पण मग मादीच भडक का? आपल्याकडच्या रंगीत पाणलाव्यात मादी अधिक देखणी असते, पण तेथे अंडी नर उबवतो. कामांचीच अदलाबदल झालेली. एक्लेक्टसमध्ये अंडी मादीच उबवते, तीही एकटी. कोडे सुटले ते रॉबर्ट हाइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. केप यॉर्कच्या अरण्यात उंच झाडांवर दोर टाकून चढत त्यांनी आठ वर्षे निरीक्षण केले आणि निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले.

उत्तर जागेच्या टंचाईत आहे! या पोपटाला घरट्यासाठी मोठ्या झाडाची खोल ढोली लागते, आणि तशा ढोल्या एका चौरस किलोमीटरला जेमतेम एक. मुंबईत खोली मिळवणे म्हणजे काय ते ज्यांनी भोगले आहे त्यांना अधिक सांगायला नको. मिळालेली ढोली मादी वर्षातले अकरा महिनेसुद्धा सोडत नाही. सोडली की दुसरी शिरलीच. त्यापायी माद्या जीव जाईपर्यंत भांडतात. तिचा लाल रंग म्हणजे दुरून दिसणारी पाटी: जागा भरलेली आहे. शत्रू आला तर आत सरकायला ढोली आहेच.

नराला हे परवडणारे नाही. ढोलीतल्या मादीला आणि पिलांना फळे आणून भरवायचे काम त्याचे. त्यासाठी तो लांबलांब उडतो. हिरव्या पानांत हिरवे असलेले बरे, नाहीतर ससाणा टिपेल. एकेका मादीला कधी पाच-पाच नर चारा आणून देतात. मोबदला म्हणून बापपण मिळेलच अशी हमी नाही. (माझ्या क्षेत्रात याला दुसरे नाव आहे, येथे नको.)

सगळ्या ढोल्या सारख्या नसतात. काहींत मुसळधार पावसात पाणी भरते आणि पिले बुडून मरतात. अंडी दोन. मादीपिलू नरपिलापेक्षा काही दिवस आधी उडते, आणि पिसांखालच्या लवेच्या रंगावरून पिलू कोणते ते आईला लवकर कळते. २०११ साली याच संशोधकांनी दाखवले की पाणी भरणाऱ्या ढोलीतली आई दोघांपैकी नरपिलाला पुष्कळदा मारून टाकते, म्हणजे बहीण वेळेत बाहेर पडते. चांगल्या, कोरड्या ढोलीतली आई तसे करीत नाही. क्रूर आई आणि मायाळू आई असा हा भेद नव्हे. एकीचे छप्पर गळते, दुसरीचे गळत नाही.

अशी ढोली पडायला झाड फार जुने व्हावे लागते. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर याच कुळातला एक पोपट आहे. तेथे जंगलतोडीने ढोलीची झाडे गेली, पिंजऱ्यासाठी पक्षी धरले गेले, आणि आज तो नाहीसा होण्याच्या वाटेवर आहे.