दगडातल्या ढाली



 संमेलनाच्या अध्यक्षाने सर्व क्षेत्रांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. मी मात्र आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे ढाल.

भवानी, तुळजा, जगदंबा ही तलवारींची नावं आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. चौकाचौकातल्या पुतळ्यांच्या हातात तलवार उगारलेली असते. कादंबऱ्यांत ती तळपते, चित्रपटांत तिचा खणखणाट ऐकू येतो. डाव्या हाताचं काय? आपल्या ऐतिहासिक लेखनात लढवय्याचा डावा हात जवळजवळ नाहीच. ज्या हाताने माणूस जिवंत राहायचा, तो हात आपण वाचकाला दाखवलाच नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

याचं एक कारण वस्तूंच्या टिकण्यात आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराची पोलादी ढाल आहे. ती १५९३ सालची असून तिच्यावर राशींची चिन्हं कोरलेली आहेत. कारागिरी पाहून डोळे निवतात. पण ती बादशहाची ढाल आहे. आपल्या मुलखातला पाईक लढायचा तो कातड्याच्या ढालीनिशी. ऐपत असलेल्याकडे गेंड्याच्या कातड्याची, बाकीच्यांकडे म्हशीच्या किंवा बैलाच्या. पावसाने, कसरीने, उंदरांनी ती कातडी कधीच संपवली. संग्रहालयांतून जे उरलं ते मुख्यतः पोलादाचं, नक्षीचं, सरदारांचं. पुढच्या काळातल्या कातडी ढाली जिथे जपल्या आहेत, तिथे त्या उलटून बघायला मिळाल्या तर जरूर बघा. दर्शनी बाजूला धातूची चार फुलं दिसतात. ती निव्वळ शोभेची नसतात. त्या फुलांचे खिळे आतल्या कड्या धरून ठेवतात, कड्यांतून मुठीचे पट्टे गेलेले असतात आणि त्यांच्या खाली एक छोटी गादी असते, घाव बसला की बोटांच्या पेरांना हिसका लागू नये म्हणून. ही गादी ज्याने शिवली, त्याला लढाई कळत होती. कातडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या त्या माणसांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, पण गावासाठी लढणाऱ्याचा जीव त्यांच्याच टाक्यांवर अवलंबून होता. त्यांच्यातल्या कुणाचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

मग यादव-शिलाहारांच्या काळातल्या साध्या पाइकाची ढाल आज कुठे पाहायची? ती दगडात आहे. आपल्या गावच्या वीरगळावर आहे.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. तरी तो कसा वाचायचा, हे बाहेरगावच्या तरुण मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. वीरगळ खालून वर वाचतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा वीराचा मृत्यू, कुठे गाईंचा कळप, म्हणजे गोधन सोडवताना आलेलं मरण. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे आणि माथ्यावर चंद्रसूर्य. आपण अभ्यासक बहुधा वरच्या चौकटी आधी पाहतो. लिंग दिसलं की शैव म्हणून नोंदवतो, कलश, चंद्रसूर्य टिपतो. खालच्या चौकटीला ‘युद्धप्रसंग’ हा एकच शब्द देऊन पुढे जातो. माझं म्हणणं आहे की खरा मजकूर त्या खालच्या चौकटीत आहे. ढाल तिथेच असते. वर, लिंगापुढे बसलेल्या वीराच्या दोन्ही हातांची ओंजळ झालेली असते. तिथे ढालीचं काम उरलेलं नाही.

कर्नाटकातल्या वीरगळांवर अनेकदा लेख असतो. नाव, राजा, शक, लढाई सगळं मिळतं. आपल्याकडचे बहुसंख्य वीरगळ मुके आहेत. अक्षर नाही म्हणून ते दुय्यम मानले गेले. पण बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ आठवा. त्यांवर कोरलेल्या डोलकाठीच्या नौका, वल्ह्यांच्या रांगा आणि नौकांवरची माणसं पाहूनच तिथे आरमारी युद्धाचं चित्र आहे हे ओळखलं गेलं. आज बरेच अभ्यासक त्याचा संबंध यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी जोडतात. जुने गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातही कदंबांच्या काळातले, नौकांचं युद्ध दाखवणारे वीरगळ आहेत. चित्र नीट वाचलं तर इतिहास हाती लागतो, याचे हे दाखले आहेत. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये स्मारकशिळांवरचा इंग्रजी ग्रंथ संपादित केला, त्याने या अभ्यासाला मोठं बळ दिलं. ते काम आता तालुक्यातालुक्यांत उतरायला हवं.

ढालीचा आकार काळाप्रमाणे बदलत गेला, आणि तो बदल शिल्पांत दिसतो. सिकंदराचा नौदलप्रमुख नियार्कस याच्या वृत्तांतावरून अ‍ॅरियनने भारतीय पायदळाचं जे वर्णन केलं आहे, त्यात डाव्या हातातली ढाल कच्च्या कातड्याची, रुंदीला माणसाहून कमी पण उंचीला जवळजवळ त्याच्याएवढी आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठी झालेला कुशीनगरचा वेढा कोरला आहे, तिथल्या सैनिकांच्या ढाली लांबट आहेत. आपल्या पितळखोऱ्याला चौथ्या लेण्याच्या दाराशी दोन द्वारपाल भाला आणि ढाल घेऊन उभे आहेत. दोन हजार वर्षं ते पहाऱ्यावर आहेत आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की आजही पाऊल अडखळतं. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या स्वारीच्या चित्रात ढालाईत दिसतात. आणि यादवकाळातल्या वीरगळांपाशी आलो की बहुतेक ठिकाणी छोटी, गोल ढाल. असं का झालं असावं? माझं मत असं की पुरुषभर उंचीची ढाल ही रांगेत पाय रोवून उभ्या राहणाऱ्या शिपायाची. झाडीत, खिंडीत, कळपामागे धावत जाऊन तलवारीने भिडणाऱ्याला ती पेलणार नाही. वीरगळावरचा माणूस बहुधा असाच गावकरी लढवय्या आहे. हे त्याच्या ढालीच्या आकारानेच सांगितलं.

एका शिवमंदिरामागे असाच एक वीरगळ आहे. कंबरेएवढा, अर्धा मातीत. मी तो अनेकदा पाहिला होता, ‘वीर, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल’ असं टिपणही केलं होतं. एकदा कोल्हापूरकडचे मर्दानी खेळाचे एक वस्ताद सोबत होते. ते दगडापुढे उकिडवे बसले, बोटाने ढालीची कड चाचपली आणि म्हणाले, “सर, ह्याची ढाल छातीवर न्हाई. बघा, हात पुढं काढलाय. घाव अंगावर यायच्या आधी तिकडंच गाठायचा, अन् ढालीनं बाजूला सारायचा. आमी पोरांना फरी-गदगा शिकवताना हेच सांगतो.” मग त्यांनी दाखवलं की वीराचा गुडघा किती वाकला आहे आणि वजन कुठल्या पायावर आहे. ढालीच्या आतली बाजू आपल्याकडे होती. मूठ धरलेली चार बोटं मूर्तिकाराने एकेक कोरली होती. शेजारी प्रतिस्पर्ध्याची ढाल बाहेरून दिसत होती, मधला उंचवटा आणि काठाची पट्टी. एकच वस्तू आतून आणि बाहेरून, एका हातभर चौकटीत. ज्या पाथरवटाने हे केलं त्याने ढाल हातात धरून पाहिलेली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फरी-गदगा आज आखाड्यांत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत पाहायला मिळतो. डाव्या हातात छोटी ढाल म्हणजे फरी, उजव्या हातात कातड्याने मढवलेला सोटा म्हणजे गदगा. आधी अडवायला शिकायचं, मग मारायला. काळविटाच्या दोन शिंगांचा माडू तर अडवतो आणि भोसकतोही. ही विद्या जिवंत आहे आणि ती जाणणारी माणसं आपल्या जवळपास आहेत. तरीही आपल्या चर्चासत्रांत मी एकही वस्ताद बोलावलेला पाहिला नाही. यापुढे बोलवा. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक आणि वस्ताद एकाच दगडापुढे बसले, तर दोघांनाही नवं काही मिळेल.

आता लेखक मित्रांसाठी. तुम्ही म्हणाल, ढालीत नाट्य कसलं? तर सभासदाची बखर काढा आणि सिंहगडाचा प्रसंग वाचा. १६७० सालची ती रात्र. तानाजी आणि गडाचा किल्लेदार उदेभान समोरासमोर आहेत. बखरकार सांगतो की तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेला मिळाली नाही. मग त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, त्यावर घाव झेलत लढला आणि शेवटी दोघेही पडले. घोरपडीच्या कथेवर आपण किती शाई खर्च केली! पण या एका तपशिलाने मी दरवेळी गलबलतो. दुसरी ढाल वेळेवर पोचली नाही, हे वाक्य ज्याला लढाईतली निकड ठाऊक आहे तोच लिहितो. त्या गर्दीत दुसरी ढाल कुणाकडे होती? तो किती हातांवर होता? ढालीविना हातावर पहिला घाव घेताना माणूस काय करतो, मूठ आवळतो की दंड पुढे करतो? या प्रश्नांतून कादंबरीचं अख्खं प्रकरण उभं राहू शकतं, आणि ते तानाजीला पुतळ्यावरून खाली उतरवून आपल्यासारख्या हाडामांसाच्या माणसात आणील. त्याने त्याचा मोठेपणा वाढेलच.

बंदुका आल्या आणि ढाल गेली, असं सरसकट लिहिलं जातं, तेही तपासून लिहा. आपल्याकडे बंदूक आणि ढाल एकोणिसाव्या शतकापर्यंत शेजारी शेजारी नांदल्या.

शेवटचा मुद्दा तक्रारीचा आहे आणि तो मी रागाने मांडतो आहे. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या मंदिरांचे जीर्णोद्धार झाले. भक्ती खरी, पैसाही गावाने घाम गाळून उभा केलेला. पण त्या भरात वीरगळ पायऱ्यांना लागले, कठड्यात चिणले गेले, सिमेंटमध्ये छातीपर्यंत रोवले गेले. कुठे त्यांना चंदेरी ऑइलपेंट फासला आहे. रंगाचा जाड थर बसला की मूठ धरलेली ती चार बोटं बुजतात, ढालीची कड बुजते आणि उरतो एक चकचकीत बाहुला. सिमेंटमध्ये रोवला की नेमकी सर्वांत खालची चौकट, म्हणजे लढाई, ढाल आणि मरण, गाडली जाते. हे वाईट हेतूने कुणी करत नाही. दगड वाचायला आपण गावाला शिकवलं नाही, हा दोष इथे बसलेल्या सगळ्यांचा आहे. ग्रामसभेत जाऊन बोला. तुमच्याच गावासाठी मेलेल्या माणसाचा हा दगड आहे, असं सांगितलं की लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

म्हणून या संमेलनाकडून मला एक काम हवं आहे. प्रत्येक तालुक्यात दोघातिघांनी मिळून आपल्या भागातले वीरगळ पाहावेत आणि नोंदवही करावी. दगड हलवू नका, घासू नका, अक्षर स्पष्ट दिसावं म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. उंची-रुंदी मोजा, तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, मूळ जागेवर आहे की आणून ठेवला आहे हे म्हाताऱ्यांना विचारा. मग खालच्या चौकटीपाशी बसा. ढाली किती, गोल की लांबट, आतून दिसते की बाहेरून, वीराच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीच्या तुलनेत केवढी, छातीजवळ धरली आहे की पुढे काढली आहे, पडलेल्या वीराच्या हातातून सुटली आहे का, हे एकेक टिपा. छायाचित्र भर दुपारी काढू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, म्हणजे तिरप्या उजेडात उथळ कोरीवकाम उठून येतं. पुढच्या संमेलनापर्यंत या वह्या जमल्या, तर त्या एकत्र लावून आपल्या प्रदेशातल्या पाइकाची ढाल कशी बदलत गेली, याचा पहिला तक्ता आपण इथेच भिंतीवर लावू. वह्या माझ्याकडे पाठवा. त्या तपासायला आणि जुळवायला मी बसतो.