बालवाडीत मूल काय शिकते?
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या प्रसंगी बालवाडीच्या शिक्षकांनीही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, याबद्दल आम्ही संस्थेचे ऋणी आहोत. मोठ्या वर्गांचे निकाल सांगता येतात, बक्षिसे मोजून दाखवता येतात. आमच्याजवळ तसे दाखवण्याजोगे काही नसते. उलट दर वर्षी दिवाळीच्या सुमारास एक तक्रार मात्र ठरलेली असते : "चार महिने झाले, पोराची वही अजून कोरीच कशी?" आज आम्ही त्या कोऱ्या वहीचा हिशेब द्यायला उभे आहोत.

हिशेब द्यायचा तर आधी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी या तक्रारीपुढे आम्ही मान तुकवली. वाळू, माती, कांड्या कपाटात बंद केल्या आणि चार-चार वर्षांच्या मुलांपुढे वह्या ठेवल्या. रोज एक पान भरायचे, असा नियम केला. पालक खूश झाले. आमच्या वर्गात तेव्हा यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बंधूंचा मुलगा होता. रंगीत दोऱ्यांच्या कांड्या तो इतक्या नेटकेपणाने वेगळ्या करी की पाहत राहावे. वहीवर मात्र त्याची पेन्सिल इतकी दाबली जाई की कागद फाटे. एके सकाळी तो उजवा हात सदऱ्याच्या आत लपवून आला. "हात कुठे रे तुझा?" असे विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "घरी ठेवून आलो."

प्रशिक्षण महाविद्यालयात आम्ही फ्रोबेल आणि माँटेसरी यांच्यावरची उत्तरे लिहून उत्तीर्ण झालो होतो. जर्मनीत १८३७ साली फ्रोबेलने लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'मुलांची बाग' या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. १९०७ साली माँटेसरीबाईंनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. हे सारे आम्हांला पाठ होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी या मुलाने शिकवला. वह्या आम्ही बंद केल्या. तो हात सदऱ्याबाहेर यायला तीन आठवडे लागले, आणि तोही ओल्या मातीचा लहानसा माठ करण्यासाठी आला. पुढे पहिलीत गेल्यावर पहिल्या सत्रातच तो आपले नाव लिहू लागला.

यात चमत्कार काही नाही. मनगटात आठ लहान हाडे असतात. चार वर्षांच्या मुलात त्यांपैकी बरीचशी अजून कूर्चाच्या रूपात असतात. बोटांचे बारीक स्नायूही तयार व्हायचे असतात. अशा हाताकडून पाने भरून घेणे म्हणजे शेंदरी न आलेल्या कैरीला आंबा म्हणून बाजारात बसवणे होय. हाताला आधी दाबणे, वळणे, चिमटीत धरणे, ओवणे, ओतणे हे आले पाहिजे. मटार सोलणारे, कणकेचा गोळा वळणारे, सदऱ्याची गुंडी स्वतः लावणारे मूल लेखनाचीच तयारी करत असते. ती वहीत दिसत नाही, एवढेच.

आता आमच्या वर्गात काय चालते ते सांगतो. साहित्य सगळे या बऱ्हाणपूरचेच आहे.

आपले गाव मागांचे. रिकाम्या कांड्या आपल्यापैकीच यंत्रमागवाले बंधू पोत्याने देतात. मुले त्या रंगांप्रमाणे लावतात, लांबीप्रमाणे लावतात, पाच-पाचांचे ढीग करतात. पुठ्ठ्याच्या कडांना खाचा पाडून आम्ही उभे दोरे ताणून देतो आणि त्यांतून मूल कापडाच्या रंगीत पट्ट्या एक वर, एक खाली अशा ओवते. ताणा आणि बाणा हे शब्द त्याने घरी ऐकलेलेच असतात; आता ते त्याच्या बोटांना कळतात. मराठी डावीकडून वाचायची, उर्दू उजवीकडून. बाणा दोन्हीकडून जातो, म्हणून आमच्या वर्गात कोणाचीच अडचण होत नाही.

आपला जिल्हा केळीचा. केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापला की चंद्रकोरीचा आकार मिळतो आणि आत जाळीदार घरे दिसतात. तो हळदीत किंवा गेरूत बुडवून मुले कागदावर ठसे उठवतात. एक कोर, दोन कोरी, मग उलटी कोर, अशी नक्षी लावता लावता क्रम आणि जोडी म्हणजे काय ते समजते. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, अशी माताभगिनींची तक्रार आली होती आणि ती रास्त होती. तेव्हापासून दांडे आम्ही आधी धुऊन घेतो आणि मुलांना वडिलांचे जुने सदरे उलटे घालतो.

तिसरा खेळ पाण्याचा. आपल्या गावाला पाण्याचा खेळ कोणी शिकवायला नको. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराच्या बळावर शहरापर्यंत आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधला गेला. मुले अंगणातल्या वाळूत केळीच्या दांड्यांची पन्हळ मांडतात आणि लोट्याने पाणी सोडतात. पाणी मध्येच थांबले की उतार कमी पडला. मग वाळू काढायची, पन्हळ पुन्हा बसवायची. आम्ही उत्तर सांगत नाही. "पाणी का थांबले असेल?" एवढेच विचारतो.

त्याच पाण्याची एक गंमत घरी करून पाहा. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. त्यांतल्या एकाचे पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओता. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगेल की उंच पेल्यात पाणी जास्त झाले. त्याला हसू नका, रागावू नका. झां पियाझे या स्विस शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या वयाची समजच तशी असते. सहा-सात वर्षांच्या सुमारास ती आपोआप बदलू लागते, आणि ज्याने पुष्कळदा स्वतः ओतून पाहिले आहे त्याला ती पायरी चढताना हाताचा अनुभव उपयोगी पडतो.

चौथा खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत चिंचोके, शिंपला, कांडी, दगड, कापूस घालायचा. मुलाने न पाहता हात घालून वस्तू ओळखायची आणि घरी तिला जे म्हणतात ते नाव सांगायचे. कोणी वाळू म्हणतो, कोणी रेत. कोणी चिंच, कोणी इमली. आम्ही स्वतः घरी उर्दू बोलणारे आणि वर्गात मराठी शिकवणारे. म्हणून कोणाच्याही घरच्या शब्दाला आम्ही चूक म्हणत नाही. आपल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. ज्या गावाने दगडावर दोन भाषा शेजारी बसवल्या, त्या गावाच्या बालवाडीत चार भाषा एका पिशवीत सहज मावतात. एक सावधगिरी मात्र सांगतो. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी. त्या आम्ही वर्गात येऊ देत नाही. बारीक बिया तीन वर्षांच्या मुलांच्या हाती देत नाही, कारण त्या नाकात आणि तोंडात जातात.

कोणी म्हणेल, मग नुसते खेळूच द्या की! नाही, नुसते सोडून देणे ही बालवाडी नव्हे. आज कोणाचे बोट अजून वळत नाही, कोण बोलत नाही, कोण दुसऱ्याची पाळी येऊ देत नाही, हे शिक्षकाने पाहिले पाहिजे आणि उद्याचा खेळ त्यावरून ठरवला पाहिजे. रोज एक गोष्ट सांगितली पाहिजे, पुस्तक उघडून वाचून दाखवले पाहिजे. अक्षरांशी आमचे वैर नाही. आमचे भांडण फक्त घाईशी आहे.

हे विचार परके नाहीत आणि श्रीमंतांचेही नाहीत. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने खेड्याला परवडणार नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य मानले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हेच नाव देशभर घरोघर पोहोचले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून आणि कृतीतून शिक्षण सांगितले आहे. म्हणजे आमची कोरी वही आळसाची नाही, तिला आधार आहे.

आता शेवटची विनंती. महोत्सवाच्या निधीतून आणखी दोन खोल्या बांधाव्यात असा विचार आहे, आणि त्यासाठी बालवाडीच्या अंगणाची जागा सोयीची ठरेल असे काही सभासदांचे मत आहे. मोठ्या वर्गांना खोल्या हव्यात हे आम्हांला मान्य आहे. पण खोल्या वरच्या मजल्यावरही चढतात. अंगण वर चढत नाही. ती वाळू, तो नळ, ते लिंबाचे झाड गेले, तर उरलेल्या चार भिंतींत आम्ही मुलांना वह्याच देऊ, दुसरे काय देणार? विश्वस्त मंडळींनी निर्णय घेण्यापूर्वी एक सकाळ आमच्या अंगणात बसावे. पालकांनीही महिन्यातून एकदा यावे, मुलांच्या शेजारी खाली बसावे आणि एक पट्टी विणून पाहावी.

दिवाळीला वही कोरी दिसली, तर कृपा करून वही पाहू नका. मुलाचा हात हातात घ्या आणि त्याला विचारा, "आज काय केलेस?" तो हात तुम्हांला सर्व हिशेब देईल.