देणाऱ्याचे शिक्षण

(युवकांच्या श्रमशिबिराच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



शिबिराहून घरी परतलेल्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'आठ दिवस राबलास, पण तुला मिळाले काय?' आता सेवाकार्यासाठी काही आठवडे परदेशी जाण्याची संधीही तरुणांना मिळू लागली आहे. तेथून परतणाऱ्यालाही हाच प्रश्न असतो आणि तो उत्तरादाखल प्रमाणपत्र व छायाचित्रे पुढे करतो. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या इतिहासात सापडते. हा इतिहास फ्रान्समध्ये सुरू होतो आणि आपल्या वरोऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील व्हर्दूनचा परिसर तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाला होता. १९२० साली पिएर सेरेसोल हे स्विस अभियंते मूठभर स्वयंसेवकांसह तेथील एका खेड्याच्या उभारणीसाठी गेले. त्या तुकडीत जर्मन तरुणही होते. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशाची मुले फ्रेंच शेतकऱ्याचे घर पुन्हा उभे करू पाहत होती! स्थानिक अधिकाऱ्यांना ते रुचले नाही आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. परंतु त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही स्वयंसेवकांची आंतरराष्ट्रीय चळवळ उभी राहिली.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. वयाची पन्नाशी ओलांडलेले सेरेसोल त्याच वर्षी भारतात आले. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मदतकार्याशी त्यांनी आपले काम जोडून घेतले आणि मुझफ्फरपूरच्या परिसरात पूरग्रस्त खेडी उंच जागी वसवण्याच्या कामात ते व त्यांचे युरोपीय सहकारी सहभागी झाले. तो काळ परकीय राजवटीचा होता. गोरा माणूस म्हणजे हुकूम सोडणारा, अशीच ओळख असलेल्या ग्रामस्थांनी तो आपल्या शेजारी माती उपसताना पाहिला. कोणी कोणाला काय शिकवले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे.

याच संस्थेचे स्वयंसेवक पुढे आनंदवनात आले. बाबा आमटे यांनी १९५१ साली सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर तेथील संसार मांडला होता. जमीन खडकाळ होती, भोवती झाडी होती आणि समाजाने पाठ फिरवली होती. आनंदवनात पिकलेली भाजी विकत घ्यायलाही वरोऱ्यातील लोक कचरत. देशोदेशींचे तरुण तेथे आले, राहिले, तेच अन्न जेवले आणि त्यांनी आनंदवनातील पहिल्या पक्क्या इमारती उभारण्यासाठी घाम गाळला. हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरू लागली.

मात्र येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या तरुणांनी कुष्ठरुग्णांना खाटेवर बसवून ठेवले नाही. ज्यांची बोटे झडली होती, त्याच हातांनी आनंदवनात विहिरी खणल्या होत्या, शेते पिकवली होती. पाहुण्यांनी त्या हातांना आपले हात जोडले. ज्याच्यासाठी आपण जातो त्यालाही देणारा होऊ द्यावे, हे सेवेचे मर्म होय. नाहीतर सेवेचा उपकार होतो आणि उपकाराच्या ओझ्याखाली घेणारा वाकतो, देणारा फुगतो.

१९६७ पासून सोमनाथला भरू लागलेल्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातील तरुणांच्या कित्येक पिढ्यांना हेच शिकवले.

म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की, निघण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारा. तेथील लोकांनी मला बोलावले आहे काय? ते माझ्याबरोबर काम करणार आहेत, की मी कामाला लागताच बाजूला उभे राहणार आहेत? जी भिंत मी धड बांधू शकत नाही, ती बांधून तेथील गवंड्याची रोजी तर हिरावून घेत नाही ना? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तो प्रवास खुशाल सहल म्हणून करा. त्याला सेवा म्हणू नका.

आणि परदेशच कशाला? या आठ दिवसांत आपल्या शिबिरात कुबडी घेऊन चालणारा एकही मुलगा नव्हता, ऐकू न येणारी एकही मुलगी नव्हती. आपण त्यांना नको म्हटले नाही, हे खरे. पण या, असेही म्हटले नाही. सेरेसोल यांच्या तुकडीत जर्मन तरुणांना जागा होती. आपल्या तुकडीत शेजारच्या घरातील अंध मुलाला जागा नसेल, तर आपले शिक्षण अजून व्हायचे आहे.

पालकहो, 'काय मिळाले?' असे आज घरी जरूर विचारा. पण त्याबरोबर 'कोणाकडून काय शिकलास?' असेही विचारा. मुलाने एखाद्या माणसाचे नाव घेतले, तर शिबिर सार्थकी लागले, असे समजा.

पुढील वर्षी येताना प्रत्येकाने असा एक सोबती घेऊन यावा, ज्याला आजवर कोणी बोलावले नव्हते. त्याला पाहुणा म्हणून आणू नका, त्याच्या वाट्याचे काम राखून ठेवा. एवढी विनंती करतो आणि थांबतो.