टाकीची गळती
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



मागे एकदा लिफ्टमध्ये बी विंगच्या काकांनी मला विचारलं होतं, "तू नक्की विकतोस तरी काय रे?" तिसरा मजला येईपर्यंत उत्तर जमलं नाही. ते आज देतो.

पूर्वी सॉफ्टवेअर सीडीवर मिळायचं. एकदा पैसे दिले की विषय संपला. आता ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं, आपण इंटरनेटवरून वापरतो आणि दरमहा पैसे भरतो. याला 'सास' म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस. आपल्या मेंटेनन्ससारखंच. फरक एवढाच, की मेंटेनन्स वाढला म्हणून कुणी लगेच फ्लॅट सोडत नाही. आमचं गिऱ्हाईक पुढच्याच महिन्यात जाऊ शकतं.

सुरुवातीला मोठी जागा लागत नाही. सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या एका फ्लॅटमध्ये सुरू झाली. चेन्नईत २०१० मध्ये सुरू झालेली फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात पोचली. अशा गोष्टी वाचून आम्हीही भारावलो. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलांचं सॉफ्टवेअर केलं, विक्रीला माणसं नेमली. दरमहा नवे दवाखाने येत होते, तरी बँकेतले पैसे कमीच होत होते. कारण कळायला मला वर्ष लागलं.

आपल्या गच्चीवरची टाकी गळत होती, आठवतंय? पंप जास्त वेळ चालवला, लाइटबिल वाढलं, पाणी मात्र पुरेना. आमचंही तेच चाललं होतं.

हिशेब सोपा आहे. एक गिऱ्हाईक मिळवायला १२,००० रुपये खर्च आला आणि ते महिन्याला १,००० देत असेल, तर नुसता तो खर्च निघायलाच १२ महिने लागतात. दरमहा शंभरातली १० गिऱ्हाइकं सोडून जात असतील, तर एक गिऱ्हाईक सरासरी १० महिनेच टिकतं. म्हणजे जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त! हेच प्रमाण २ वर आणलं, तर ते सरासरी ५० महिने टिकतं.

आम्ही नवी विक्री थांबवली. तिघांना कामावरून कमी करावं लागलं. ते मी त्यांना समोर बसवून सांगितलं. चूक त्यांची नव्हती, माझ्या हिशेबाची होती. ते अजून मनाला लागून आहे.

मग सोडून गेलेल्या प्रत्येक डॉक्टरांना फोन केला. बहुतेकांचं उत्तर एकच: शिकलेली रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेली, नवीला काही येत नाही, म्हणून पुन्हा वही सुरू केली. सॉफ्टवेअर आम्ही डॉक्टरांना विकत होतो, वापरत होती काउंटरवरची मुलगी. तेव्हापासून आमचा माणूस पहिला आठवडा तिच्या शेजारी बसतो. बटणांवरचे शब्द मराठीत केले. गळती हळूहळू कमी झाली. त्यानंतरच पुन्हा माणसं घेतली. त्यात त्या तिघांपैकी एक परत आला.

आपल्या सोसायटीतली काही मुलं स्टार्टअपचं म्हणतायत. जरूर करा. फक्त दर महिन्याला वहीत किती गिऱ्हाइकं आली याच्या शेजारी किती गेली आणि का गेली, हेही लिहा. आधी भेग बुजवा, मग पंप मोठा घ्या. आणि काका, आता लिफ्टमध्ये पुढचा प्रश्न विचारा.